अमेरिकन गर्ल : बाहुली घ्यायची की दुकान बघायचं?

खिडकी

घरात सात-आठ वर्षांची मुलगी असेल आणि न्यू यॉर्कला जाणं ठरलं असेल, तर रॉकफेलर प्लाझातल्या 'अमेरिकन गर्ल' या बाहुल्यांच्या कंपनीच्या दुकानाचा विषय निघतोच. बाहुल्यांचं सलोन, बाहुल्यांचा दवाखाना, बाहुलीला शेजारी बसवून जेवायचा कॅफे. २०२३ साली या कंपनीने 'कवी शर्मा' ही भारतीय वंशाची बाहुली 'गर्ल ऑफ द इयर', म्हणजे वर्षाची मानकरी, म्हणून आणली, तेव्हापासून आपल्या लोकांची विचारणा वाढली आहे.

माझं मत आधीच मांडतो. बाहुलीवरचा खर्च समजू शकतो, दुकानातला निम्मा खर्च मात्र टाळता येतो. तरी जाणकारांनी तीन गोष्टी नीट सांगाव्यात:

दुकानात जाऊनच घ्यावी की घरबसल्या मागवावी? दुकानात गेलंच तर कोणत्या गोष्टीला पैसे द्यावेत? आणि बाहुली भारतात नेली तर आपल्या हवेत तिची निगा कशी राखायची? तिसऱ्या प्रश्नावर मराठीत काहीच वाचायला मिळत नाही.

---

मेटूचनची_वाट

खिडकी यांना: बाहुली आणि दुकान वेगळं काढण्याआधी थोडा इतिहास पाहा.

प्लेझंट रोलँड यांनी १९८६ मध्ये विस्कॉन्सिनमधल्या मिडल्टन गावात 'प्लेझंट कंपनी' काढली. पहिल्या बाहुल्या तीन: १८५४ सालची कर्स्टन, १९०४ ची समँथा, १९४४ ची मॉली. प्रत्येकीचा काळ, कुटुंब, कपडे ठरलेले आणि सोबत तिची गोष्ट. त्या काळी दुकानच नव्हतं, खेळण्यांच्या इतर दुकानांतही माल ठेवला जात नसे. घरी पोस्टाने जाड कॅटलॉग यायचा, त्यावर मुली तासन् तास खुणा करत बसायच्या, मग मागणी जायची. तब्बल बारा वर्षं हाच प्रकार. १९९८ मध्ये दोन गोष्टी झाल्या. बार्बीवाल्या मॅटेलने कंपनी ७० कोटी डॉलरला विकत घेतली आणि शिकागोत पहिलं 'अमेरिकन गर्ल प्लेस' उघडलं. २००३ मध्ये न्यू यॉर्क (तेव्हा फिफ्थ अव्हेन्यूवर, २०१७ पासून रॉकफेलर प्लाझात), २००६ मध्ये लॉस एंजेलिस.

म्हणजे कॅटलॉग वाचताना मुलीच्या डोक्यात जे चालायचं त्याला भिंती आणि छप्पर घातलं, ते हे दुकान. सुरुवातीला आत नाट्यगृहही होतं, बाहुल्यांच्या पात्रांवर संगीत नाटक व्हायचं. २००८ मध्ये ते बंद झालं. कॅफे, सलोन आणि दवाखाना टिकले. या तिघांतही माझ्या मते खरी किंमत दवाखान्याला आहे.

---

हिशेबनीस

इतिहास चांगला आहे, पण आकडे बघू या. कवी आली तेव्हा किंमत ११५ डॉलर. त्यात बाहुली, अंगावरचा एक पोशाख आणि पुस्तक. बाकी प्रत्येक पोशाख, प्रत्येक बूट, छोटी पिशवीसुद्धा वेगळी. कॅफेत माणशी ठरलेला दर. सलोनला पैसे, कान टोचायला पैसे. चौघांचं कुटुंब एका दुपारी बाहुलीच्या किमतीइतकेच पैसे पुन्हा सहज खर्च करतं.

टार्गेट या अमेरिकन दुकानसाखळीत 'अवर जनरेशन'ची १८ इंची बाहुली याच्या पाव ते तिसऱ्या हिश्शात मिळते. एकीचे कपडे दुसरीला होतात. मग ११५ कशाचे?

---

टाकेबाई

हिशेबनीस, रास्त प्रश्न. उत्तर बाहुलीच्या पोटात आहे, अगदी शब्दशः.

अमेरिकन गर्लचं धड कापडी, आत कृत्रिम कापूस भरलेला. डोकं आणि हातपाय व्हिनाइलचे, म्हणजे मऊसर प्लास्टिकचे. प्रत्येक हाता-पायाच्या वरच्या टोकाला जाड इलॅस्टिकची दोरी असते, ती धडाच्या भोकातून आत जाते आणि आतल्या बाजूला धातूच्या मण्याने दाबून बसवलेली असते. भोकाला प्लास्टिकची वाटी, म्हणजे कापड फाटत नाही. डोकं मानेपाशी दोरीने आवळलेलं असतं. जुन्या बाहुल्यांत मानेमागे ही दोरी लोंबताना दिसते, अलीकडच्या अनेकींत त्याऐवजी प्लास्टिकचा पट्टा असतो. केस म्हणजे डोक्यावर चिकटवलेला टोप. डोळे मिटणारे, आत वजन असलेले, खोबणीत बसवलेले.

म्हणजे पाय ढिला पडला तर दोरी आवळता येते. केसांचा बोळा झाला तर टोप काढून दुसरा चिकटवता येतो. डोळा बिघडला तर तेवढाच बदलता येतो. धड मळलं तर नवं धड जुन्या डोक्याला लावता येतं. स्वस्तातल्या बहुतेक बाहुल्यांचे केस डोक्याच्या रबरातच ओवलेले असतात. ते एकदा खराब झाले की काही करता येत नाही.

वीस-पंचवीस वर्षं वापरलेली बाहुली दुरुस्त होऊन पुढच्या मुलीच्या हातात जाते, ती या जोडणीमुळे. पैसे त्याचे आहेत. कॅफेचे पैसे कशाचे, ते मी सांगू शकत नाही. :)

---

अबोली

टाकेबाई +१. आणि बूट मात्र तपासून घ्या. कपडे अदलाबदल होतात, पण पावलांचा आकार कंपनीगणिक वेगळा असतो.

---

पाचवा_प्लॅटफॉर्म

दुकानात जाणाऱ्यांसाठी क्रम सांगतो. हा क्रम चुकला की अख्खी दुपार रांगेत जाते.

कॅफेचं आरक्षण आधी, ऑनलाइन. नाताळ, शाळांच्या सुट्ट्या आणि शनिवार-रविवार असेल तर कित्येक आठवडे आधी. न्यू यॉर्कचं दुकान नोव्हेंबरपासून नाताळपर्यंत गच्च भरलेलं असतं, त्यातून रॉकफेलरचं झाड शेजारीच. शक्य असेल तर मंगळवार-बुधवार सकाळ धरा.

आत शिरल्यावर पहिल्यांदा सलोनच्या खिडकीपाशी नाव नोंदवा. खरेदी नंतर. बाहुली छोट्या खुर्चीत बसते, गळ्याभोवती कापड, आणि केशरचनेच्या चित्रांतून मुलगी एक निवडते. इथे एक गोष्ट लक्षात ठेवा: आधीपासून घट्ट वेण्या घालून नेऊ नका. अर्धा वेळ वेण्या सोडवण्यात जातो. केस मोकळे, हलके विंचरलेले न्या.

कॅफेत बाहुलीसाठी टेबलाच्या कडेला अडकवायची खुर्ची मिळते, तिच्यापुढे चिमुकला कप-बशी. टेबलावर गप्पांसाठी प्रश्नांच्या चिठ्ठ्यांची डबी असते. मोठ्यांनी तिच्यावर हसू नये, ती चांगली आहे. जेवण होईपर्यंत मुलं फोन मागत नाहीत.

खरेदी सगळ्यात शेवटी. सुरुवातीला केली तर मोठा खोका सांभाळत कॅफेत बसावं लागतं, आणि मुलगी प्रत्येक मजल्यावर नवीन काही मागते.

---

हिशेबनीस

म्हणजे सलोन घ्यावंच, असं म्हणता?

---

पाचवा_प्लॅटफॉर्म

बाहुली जुनी असेल आणि केस गुंतले असतील तर घ्यावं, कारण मुलीला तिथे विंचरायची पद्धत डोळ्यांनी बघायला मिळते. नव्या बाहुलीला गरज नाही. कोरी बाहुली खोक्यातून काढून लगेच केस बांधून घेणं म्हणजे नव्या साडीला इस्त्री करून घेण्यासारखं.

---

टाकेबाई

तीच पद्धत इथे लिहून ठेवते, म्हणजे सलोन वाचेल.

तारेच्या दातांचा ब्रश हवा. आपला प्लास्टिकचा किंवा डुकराच्या केसांचा ब्रश धागे ओढतो, कडक दातांचा कंगवा धागे तोडतो. फवाऱ्याने साधं पाणी, केस ओलसर होतील इतकंच. केसांचे पदर करा. खालच्या टोकापासून सुरुवात, एका हाताने वरचा भाग धरून, म्हणजे टोपावर ताण येत नाही. टोक सुटलं की दोन इंच वर. मुळापासून सरळ खाली ओढलं तर गाठ घट्ट होते आणि टोपाची शिवण उसवते. कुरळे केस असतील तर ब्रश वर्ज्य, बोटाभोवती लट गुंडाळून सोडायची. कुरळ्या केसांवर ब्रश फिरवला की लाटा मोडतात आणि कापसासारखा पिंजलेला गोळा उरतो.

आणि हे ठळक अक्षरांत वाचा: तेल लावू नका. आपल्याकडे केस म्हटलं की हात खोबरेलाकडे जातो. हे धागे कृत्रिम आहेत, तेल शोषत नाहीत. तेल वर राहतं, धूळ धरतं, मग टोपाच्या गोंदापर्यंत उतरतं आणि कपाळावरच्या व्हिनाइलला पिवळट झाक आणतं. गरम चिमटा, ड्रायरचा गरम झोतही नको. धागा आधी पिंजारतो, मग वितळून चिकटतो.

---

भातुकली

टाकेबाई, केस धुवायचेच झाले तर?

---

टाकेबाई

फार मळले असतील तरच. बाहुलीचं धड प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून मानेपाशी रबर. डोळ्यांवर कापूस ठेवून कागदी पट्टी. डोकं मागे झुकवून फक्त केस पाण्यात, गार पाणी आणि सौम्य साबणाचा एक थेंब. डोळ्याच्या खोबणीतून पाणी आत गेलं तर आतला धातू गंजतो आणि कापसाला बुरशी येते. वाळवताना पंख्याखाली, उन्हात नाही.

---

ओसरी

कान टोचण्याबद्दल कोणी बोललं नाही. दुकानात बाहुलीचे कान टोचून मिळतात. आपल्या घरांत मुलीचे कान टोचलेले असतातच, म्हणून बाहुलीचेही हवेत, असा आग्रह हमखास होतो. माझ्या मते करून घ्यावं. सोनाराकडे कान टोचण्याचा सोहळा ज्या संस्कृतीत आहे तिथल्या मुलीला ते फार जवळचं वाटतं.

---

टाकेबाई

ओसरी, भावना पटते, तरी घाई नको म्हणेन. व्हिनाइलमध्ये पाडलेलं भोक बुजत नाही. पुढे बाहुली विकायची किंवा कुणाला द्यायची झाली तर संग्राहक ते दोष धरतात. आणि मुख्य धोका दागिन्याचा. पितळी किंवा तांब्याचं काही कानात राहिलं तर आपल्या दमट हवेत त्याचा हिरवा डाग व्हिनाइलमध्ये आत उतरतो. जुन्या बार्बीच्या बाबतीत हे इतकं सर्रास झालं की संग्राहकांत त्याला 'हिरवा कान' असं नावच पडलं. तो डाग पुसता येत नाही, कारण तो पृष्ठभागावर नसतो.

---

ओसरी

मग प्लास्टिकच्या दांडीचे कुडे ठेवायचे आणि रात्री काढायचे. टोचायचं की नाही हे मुलीने ठरवावं, हे माझं मत कायम.

---

पाचवा_प्लॅटफॉर्म

दवाखान्यात कानांचं आणखी एक काम होतं, ते जास्त महत्त्वाचं वाटतं. बाहुलीला श्रवणयंत्र बसवून मिळतं, कानामागे बारीक भोकं पाडून. चाकांची खुर्ची, मधुमेहाचं साहित्य, इन्सुलिन पंप हेही मिळतं. केस नसलेली बाहुलीही मागवता येते. ज्या मुलीला स्वतःला यातलं काही वापरावं लागतं तिच्यासाठी हा विभाग अख्ख्या दुकानाहून मोठा आहे.

---

अबोली

कवीवर कोणी बोलेल का? मला ती बाहुली आवडते, पण भारतीय म्हणजे दिवाळी आणि बॉलिवूड नाच एवढंच, असं पुन्हा झालंय असं वाटतं.

---

मेटूचनची_वाट

अबोली, अर्धं मान्य. पण कवीचं गाव मेटूचन आहे, न्यू जर्सीतलं. एडिसनला लागून. ज्याला तो परिसर माहीत आहे त्याला कळेल की ही निवड अंदाजपंचे नाही. भारतीय दुकानांनी भरलेल्या ओक ट्री रोडच्या आसपास वाढलेली, ब्रॉडवेची स्वप्नं बघणारी, गाडीने तासाभरात न्यू यॉर्क गाठू शकणारी मुलगी हे त्या भागातलं खरं चित्र आहे. तिथल्या मुलींना नाचाचे वर्ग आणि दिवाळी या दोन्ही गोष्टी रोजच्या ओळखीच्या आहेत.

कंपनी तपशिलात शिरली तर काय होतं याचं उत्तम उदाहरण 'काया'. ती अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांपैकी नेझ पर्स जमातीतली, १७६४ सालची, २००२ मध्ये आली. बनवताना त्या जमातीच्या लोकांचं सल्लागार मंडळ होतं. बाकी बहुतेक बाहुल्यांचे ओठ किंचित विलग आणि दोन दात दिसतात. कायाचे ओठ मिटलेले आहेत, कारण दात दाखवणं त्या संस्कृतीत आक्रमक मानलं जातं. त्यासाठी चेहऱ्याचा नवा साचा केला. एवढी मेहनत घेता येते हे कंपनीनेच दाखवलं आहे, म्हणून अबोलीची अपेक्षा अवाजवी नाही.

---

ठकी

अ‍ॅडीलाही विसरू नका. १८६४ सालची, गुलामगिरीतून आईसोबत निसटणारी मुलगी, १९९३ मध्ये आली. ऐतिहासिक बाहुल्यांत २०११ पर्यंत ती एकटीच कृष्णवर्णीय होती, आणि एकमेव कृष्णवर्णीय मुलगी गुलामगिरीतलीच का, यावर पुष्कळ बोललं गेलं. पुढे डेट्रॉइटची मेलडी, हार्लेमची क्लॉडी आली. गोष्टींचा पल्ला वाढायला वेळ लागतो, पण वाचकांनी मागितलं की वाढतो.

---

सुईदोरा

अबोलीच्या प्रश्नावर माझं उत्तर सुईतून. बॉलिवूड पुरे झालं असेल तर परकर-पोलकं शिवा. मापं देते. तरी कापण्याआधी फितीने मोजून घ्या, धडातल्या कापसाप्रमाणे अर्धा इंच इकडे तिकडे होतं.

उंची १८ इंच. छाती आणि कंबर दोन्ही साधारण ११ इंच, कंबरेला खोच नसते. डोक्याचा घेर १२ च्या पुढे, केस धरून आणखी. म्हणून डोक्यावरून घालायचं काही शिवू नका. पोलक्याची पाठ वरपासून खालपर्यंत उघडी हवी.

परकराला ३० ते ३३ इंच रुंद कापड, म्हणजे कंबरेच्या तिप्पट. उंची कंबरेपासून घोट्यापर्यंत मोजून त्यात नेफ्याला एक इंच आणि खालच्या दुमडीला अर्धा. काठाचं कापड वापरलं तर दुमड लागतच नाही. काठ एक इंचाहून रुंद नको, नाहीतर परकर दिसत नाही, काठच दिसतो. एका ब्लाउजपीसमध्ये परकर-पोलकं दोन्ही निघतं.

बाही हा खरा घोळ. कोपर वाकत नाही आणि बोटं फाकलेली असतात. दंडाचा घेर साडेचारच्या आसपास, तर बाही निदान साडेपाच ठेवा. घालताना हातावर प्लास्टिकची पातळ पिशवी चढवा, बाही सरकन जाते, मग पिशवी ओढून घ्या. ही युक्ती नसेल तर अस्तरात अंगठा अडकतो आणि शिवण उसवते.

पाठीला वेल्क्रो लावणार असाल तर काटेरी बाजू आतल्या अंगाला येऊ द्या. बाहेर राहिली तर लांब केस त्यात गुंततात. मी म्हणेन, सरळ टिचबटणं लावा.

---

अबोली

आणि नऊवारी?

---

सुईदोरा

नऊवारीचं गणित गमतीचं आहे. पाच फुटी बाईच्या हिशेबाने बाहुली ०.३ पट. नऊ वार म्हणजे ३२४ इंच, त्याचे झाले ९७ इंच, साधारण अडीच मीटर. रुंदी ४५ ची साडेतेरा. पण लांबी-रुंदी कमी झाली तरी कापडाची जाडी तीच राहते, त्यामुळे अडीच मीटर गुंडाळलं तर कंबर मडक्याएवढी होते. म्हणून शिवलेली नऊवारी करा: दीड मीटर लांब, १३-१४ इंच रुंद, निऱ्या पाच-सहाच, ओचा छोटा, कासोटा मागे टाक्याने पक्का.

कापड मलमलीसारखं पातळ. सगळ्यात सोयीचा काठाचा सुती दुपट्टा. लांबीतून उभा मधोमध कापला की दोन नऊवाऱ्या निघतात, प्रत्येकीला एका बाजूने काठ. दुसऱ्या बाजूला अगदी बारीक जर शिवायची.

कासोट्याचा फायदा असा की बाहुली त्यात नीट बसते, पाय दोन बाजूंना जाऊ शकतात. सहावारी शिवली तर बसवताना निऱ्या वर येतात. गुडघा वाकत नाही ना!

---

टाकेबाई

सुईदोराताई, सुरेख लिहिलंत. एक धोका मात्र जोडते, आणि आपल्या कापडांच्या बाबतीत तो फार मोठा आहे: रंग.

व्हिनाइल मऊ राहावं म्हणून त्यात जे द्रव्य मिसळलेलं असतं तेच कापडाचा रंग आत ओढून घेतं. कुंकवाचा लाल, डाळिंबी, निळी, काळी चंद्रकळा यांतून आठवड्याभरात मांडीवर, कंबरेवर डाग उमटतो. तो साबणाने जात नाही, कारण रंग आत गेलेला असतो.

म्हणून कापण्याआधी कापड पाणी स्वच्छ निघेपर्यंत धुवा. मग ओल्या पांढऱ्या फडक्यात गुंडाळून रात्रभर ठेवा. सकाळी फडक्याला रंग दिसला तर ते कापड बाहुलीला नको, किंवा पूर्ण पांढरं अस्तर लावा. गडद कपडे खेळून झाले की काढून ठेवा.

कुंकू, हळद, मेंदी चेहऱ्यावर अजिबात नको. टिकलीही तासाभरापुरती, कारण तिचा गोंद उन्हाळ्यात वितळून बसतो. ताज्या फुलांचा गजरा ओल धरतो, कापडी गजरा माळा.

---

हिशेबनीस

डाग पडलाच तर?

---

टाकेबाई

मुरुमांवर लावतात ते बेंझॉइल पेरॉक्साइडचं मलम. अमेरिकेत १० टक्क्यांचं मिळतं. भारतात २.५ किंवा ५ टक्क्यांचं, त्याला जास्त वेळ लागतो एवढंच. फक्त डागावर लावायचं, वर स्वयंपाकघरातली पातळ प्लास्टिक फिल्म, म्हणजे वाळत नाही. मग काही तास उन्हात. पुसून बघायचं, गरज असेल तर पुन्हा. केस आणि चेहरा टॉवेलने झाकून ठेवा. मलम ओठांच्या, भुवयांच्या रंगाला लागलं तर तो उडतो, धडाच्या कापडाला लागलं तर पांढरा चट्टा पडतो. गडद कांतीच्या बाहुलीवर आधी मांडीच्या वरच्या, कपड्याखालच्या भागात बारीक ठिपका लावून बघा.

नेलपॉलिश काढायचं द्रावण कधीच नको. त्यातलं अ‍ॅसिटोन व्हिनाइल विरघळवतं, जागा चिकट आणि खडबडीत होते. भिंती पुसायचा पांढरा स्पंज हातापायांवर हलक्या हाताने चालतो, चेहऱ्यावर नाही. तो बारीक सँडपेपरच असतो.

---

कौलारू

खिडकीच्या तिसऱ्या प्रश्नावर, कोकणच्या बाजूने. मुंबई-रत्नागिरी-गोव्याच्या पावसाळ्यात दोन गोष्टी बिघडतात: डोळ्यांतला धातू आणि धडातला कापूस.

जून ते सप्टेंबर बाहुली बंद प्लास्टिकच्या डब्यात ठेवू नका, आत ओल कोंडते. जुन्या सुती साडीच्या तुकड्यात गुंडाळून, कपाटाच्या वरच्या खणात, भिंतीपासून दूर. सोबत सिलिका जेलच्या पुड्या, महिन्याने बदलायच्या. दर पंधरवड्याला बाहेर काढून पंख्याखाली तासभर.

डांबराच्या गोळ्या आणि कापूर त्या खणात नको. वाफ प्लास्टिकवर काम करते, पृष्ठभाग मऊ आणि चिकट होतो. साड्यांच्या कपाटात बाहुली ठेवायची सवय असते, तिथेच ही चूक होते. कसरीची भीती असेल तर वाळलेला कडुलिंबाचा पाला पुरचुंडीत बांधून ठेवा, अंगाला लागू न देता.

जुन्या बाहुल्यांत बुबुळं चंदेरी दिसायला लागतात, तो डोळ्याच्या आतल्या थराचा बिघाड आहे. घरी दुरुस्त होत नाही, डोळा बदलावा लागतो.

---

भातुकली

डाव मांडायला सामान हवं असेल तर दुकानातलं चिमुकलं स्वयंपाकघर घेण्याची गरज नाही. या बाहुल्यांचं प्रमाण साधारण एकास तीन. दहा इंची ताट म्हणजे सव्वातीन इंच. आपली पितळी भातुकली बरीचशी याच मापात बसते. सावंतवाडीला चितार आळीत लाकडी, लाखेच्या रंगाची भातुकली मिळते: पोळपाट-लाटणं, जातं, चूल. घेताना पोळपाटाचा व्यास मोजा, तीन इंचाच्या आसपास असेल तर बाहुलीच्या हाताशी जुळतो. दीड इंची संच तिच्यापुढे बटणासारखे दिसतात.

रंग पक्का आहे का ते ओल्या कापसाने पुसून बघा, टाकेबाईंनी सांगितलेलं कारण इथेही लागू.

---

ठकी

माझ्या नावाची लाकडी ठकी याच सावंतवाडीच्या भातुकलीशेजारी शोभते. तिला ना सांधे, ना मिटणारे डोळे, ना केस. एका ठोकळ्यातून कोरलेली, म्हणून दुरुस्तीचा प्रश्नच नाही. दोन्ही एका डावात मांडा, मुलींना उंचीतला फरक खटकत नाही. ठकी आजी होते.

---

हिशेबनीस

जुनी बाहुली घेणं हा मधला मार्ग आहे का? कवीचं वर्ष तर संपलं.

---

मेटूचनची_वाट

आहे. वर्षाच्या मानकरी बाहुल्या साधारण वर्षभरच मुख्य विक्रीत असतात, नंतर वापरलेल्याच शोधाव्या लागतात. विकणाऱ्याकडून हे फोटो मागा: कपडे काढून पुढून-मागून, डोळे उघडे आणि मिटलेले, टोपाची कपाळावरची कड, मानेचा मागचा भाग.

उभी राहते का विचारा. पाय हलवून सोडल्यावर लोंबत असतील तर दोऱ्या ढिल्या आहेत. हे दुरुस्त होतं, पण भाव तेवढा उतरायला हवा. मानेमागे 'प्लेझंट कंपनी'चा शिक्का असेल तर साचा जुना आहे. अगदी सुरुवातीच्या बाहुल्या जर्मनीच्या गोट्झकडे बनत आणि त्यांचं धड पांढऱ्या कापडाचं असे. १९९१ मध्ये फेलिसिटी आली, तिचा झगा १७७४ च्या पद्धतीचा, खोल गळ्याचा, त्यात पांढरं धड दिसू लागलं असतं. तेव्हापासून धड कांतीच्या रंगाचं झालं. २०१७ च्या सुमाराच्या काही बाहुल्यांच्या धडावर अंतर्वस्त्र शिवूनच टाकलेलं आढळेल. ग्राहकांना ते पटलं नाही आणि कंपनीने बदल मागे घेतला. त्यामुळे तसं धड दिसलं तर नकली समजून सोडू नका.

सिगारेटचा किंवा कुबट वास कापसात बसलेला असतो. तो जात नाही, धड बदलावं लागतं.

---

खिडकी

सगळ्यांचे मनापासून आभार. माझं मत थोडं बदललं. मूळ प्रश्नावर येऊन एकच विचारतो: समजा एक दुपार आहे आणि बाहुलीखेरीज फक्त एका गोष्टीचे पैसे आहेत. कोणती?

---

पाचवा_प्लॅटफॉर्म

कॅफे. सलोन घरी होतं, कपडे घरी शिवता येतात. टेबलाला अडकवलेल्या खुर्चीत बाहुली बसवून तिच्यापुढे कप ठेवणारा माणूस घरी मिळत नाही.

---

टाकेबाई

बाहुली नवी असेल तर कॅफे. घरात आधीची जुनी असेल तर दवाखाना, आणि तेही दुकानात हातात देऊन. मुलीने स्वतः अर्ज भरावा, काय दुखतंय ते लिहावं. बाहुली दुरुस्तीला पाठवली जाते, काही आठवड्यांनी दवाखान्याच्या झग्यात, बरी झाल्याच्या प्रमाणपत्रासह परत येते. भारतातून आलेल्यांना अमेरिकेतला पत्ता द्यावा लागेल, म्हणून पाहुणे निघायच्या आदल्या दिवशी नेऊ नका. सहलीच्या पहिल्या दिवशी न्या, आणि परत यायला जितके दिवस सांगतील त्यात एक आठवडा वाढवून धरा.

---

अबोली

बाहुली न घेता नुसतं कॅफेत गेलं तर चालतं का? धाकट्या बहिणीकडे बाहुली नसते आणि तिथेच रडारड होते.

---

पाचवा_प्लॅटफॉर्म

चालतं. बाहुली नसेल तर जेवणापुरती उसनी देतात. आत शिरतानाच मागा, मुलीला निवडायला मिळते. उठताना परत करावी लागते, हे मात्र आधीच सांगून ठेवा.

---

सुईदोरा

आणि परतीच्या प्रवासासाठी: खोक्यात केसांवरची जाळी आणि मानेमागचा फोमचा तुकडा असतो, ते फेकू नका. बाहुली जाळीसकट हातातल्या सामानात न्या. घरी पोचल्यावर जाळी सोडवताना कात्री केसांच्या दिशेने नको, मानेमागून कापा.